हिरव्या खोळीतली बॅग

रुग्णालयात तिला सगळे मापबाई म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच राहिलं. भाजलेल्या माणसांसाठी घट्ट कपडे शिवणं हे तिचं काम. जखम भरून आली की नवी कातडी जाड होते, आवळत जाते. ती सपाट राहावी म्हणून अंगाला दाबून बसणारा कपडा वर्ष-दीड वर्ष रात्रंदिवस घालावा लागतो. बावीस वर्षं ती हातमोजे, बाह्या, गळपट्टे शिवत होती. सूतभर फरकावरून मोठमोठ्या डॉक्टरांशी भांडायची आणि जिंकायचीही. पण फाटकाबाहेर पडली की हीच बाई रस्ता ओलांडताना दोनदा मागे फिरायची. तिचा मुलगा म्हणायचा, "आई लिफ्टमध्ये शिरली तरी लोकांना रस्ता विचारते."

अशा बाईवर वाटेत विमान बदलून परदेशी जायची वेळ आली. तिची धाकटी बहीण तिकडे संसार करून होती. दोन महिन्यांपूर्वी कढईतलं तेल भडकलं आणि धाकटीचा गळा आणि छाती भाजली. जीव वाचला, जखमाही भरल्या, पण तिकडच्या छोट्या शहरात असा गळपट्टा शिवणारं कुणी नव्हतं. बाहेरून मागवायचा तर सहा आठवडे. मेहुण्यांनी व्हिडिओवर मापं घेतली. "अहो, टेप ताणू नका, ती पतंगाची दोरी नाही," असं मापबाई त्यांना ओरडत होती. पण फोनवर धाकटीची हनुवटी तिनं पाहिली आणि ओरडणं थांबलं. हनुवटी खाली ओढली जायला लागली होती.

याचा अर्थ तिच्याइतका कुणाला ठाऊक असणार? तीन महिने उशिरा आलेला एक सुतार तिनं पाहिला होता. त्याची हनुवटी छातीला चिकटली होती, समोरच्या माणसाकडे बघायला त्याला कमरेतून मागे वाकावं लागे. तो सुतार आता रोज तिच्या डोळ्यांपुढे यायचा.

तिनं तीन गळपट्टे आणि एक बंडी अर्धवट शिवली. शेवटची शिवण अंगावर बसवूनच घालायची असते. आता कुणीही शहाणा माणूस ते कपडे हातातल्या पिशवीत घेऊन विमानात बसला असता. पण मापबाईचा एक नियम होता: अर्धवट काम आणि त्याची हत्यारं वेगळी ठेवायची नाहीत, नाहीतर एक सापडतं तेव्हा दुसरं सापडत नाही. कात्री आणि सुया विमानात नेऊ देत नाहीत, असं मुलानं बजावलं होतं. म्हणून सगळंच मोठ्या बॅगेत गेलं. बॅगेवर तिनं स्वतः शिवलेली हिरवी जाड खोळ चढवली.

पहिल्या विमानतळावर काउंटरवरच्या माणसानं बॅगेला लांब पांढरी पट्टी लावली. "थेट शेवटपर्यंत टॅग केलंय," तो म्हणाला. ती निर्धास्त झाली. हे निर्धास्तपण जेमतेम तीन तास टिकलं. विमानात शेजारी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "पुढे देशांतर्गत विमान आहे ना? मग पहिल्या शहरात सामान काढून घ्यावं लागतं."

"पण ते म्हणाले, थेट जाईल."

"पट्टी थेट असते हो. सामान नसतं. कस्टममधून तुम्हीच ते न्यायचं आणि पुढे परत द्यायचं. आमच्या साडूंची बॅग अशीच राहिली, ती अजून राहिलेलीच आहे." एवढं सांगून गृहस्थ झोपी गेले. साडूंची बॅग मात्र मापबाईच्या मानगुटीवर बसली. उरलेला सगळा प्रवास तिनं डोळा मिटला नाही.

गृहस्थ खरं बोलले होते. पहिल्या शहरात सामानाच्या फिरत्या पट्ट्यावरून हिरवी खोळ डुलत आली तेव्हा तिला कुणाला तरी मिठी मारावीशी वाटली. बॅग घेऊन ती कस्टमच्या रांगेत उभी राहिली. रांग हलेना. आणि तिथे तिचा स्वभाव आडवा आला. पांढरी पट्टी लोंबत होती, चाकाखाली येत होती. लोंबतं काही दिसलं की हिचे हात शिवशिवतात. तिनं पट्टीची नीट घडी केली, खोळीच्या आत सरकवली आणि वर सेफ्टी पिन लावली. बॅग कशी नीटनेटकी दिसायला लागली!

कस्टमपलीकडे एक माणूस भराभर बॅगा पट्ट्यावर ढकलत होता. "ठेवा इथे, आणि पळा, तुमचं टर्मिनल लांब आहे," तो म्हणाला. तिनं बॅग ठेवली आणि ती पळाली.

दुसऱ्या टर्मिनलच्या गेटपाशी ती टेकली. समोरच्या बाईच्या पिशवीला एक पट्टी लोंबत होती आणि मापबाई सवयीनं ती निरखत होती. त्या पट्टीवर काळ्या रेघा होत्या, दुकानात वस्तूंवर असतात तशा. मशीननं वाचायच्या. तिच्या रेघा खोळीच्या आत होत्या.

ती तडक गेटवरच्या गणवेशातल्या मुलीपाशी गेली. मुलीनं तिकिटामागे चिकटवलेल्या बॅगेच्या पावतीचा क्रमांक संगणकात घातला आणि कपाळाला आठी घातली. "बॅग कस्टमपर्यंत दिसतेय. पुढे कुठेच वाचली गेलेली नाही."

"म्हणजे कुठे आहे?"

"वाचता येत नाहीत त्या बॅगा खाली एका खोलीत बाजूला टाकतात. बाई, तुम्ही विमानात बसा. सापडली की मागून पाठवू."

"कधी?"

"कधी दोन तासांत, कधी आठवडाही लागतो. काय आहे बॅगेत?"

कपडे, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. सुतार डोळ्यांपुढे आला. "माझ्या बहिणीची मान आहे त्यात," ती म्हणाली. मुलगी दचकून एक पाऊल मागे सरली, तेव्हा मापबाईनं भीतीनं अडखळत सगळं सांगितलं.

विमानाचं शेवटचं बोलावणं झालं. अनोळखी देश, सोबतीला कुणी नाही, फोनची बॅटरी संपत आलेली. बसलं विमानात की तासाभरात मेहुणे समोर. पाय विमानाच्या दाराकडेच ओढ घेत होते. पण हात रिकामे घेऊन धाकटीपुढे उभं राहायचं, ह्या विचाराची भीती त्याहून मोठी निघाली. "मी जात नाही," ती म्हणाली. आपलाच आवाज ऐकून ती रडायच्या बेतात आली.

दार बंद झालं. मुलीनं तिला खाली त्या खोलीबाहेर नेऊन एका बाकावर बसवलं. आत बॅगांचा ढीग होता आणि बाहेरच्यांना आत जायची बंदी. दोन तास ती तिथे जीव मुठीत धरून बसली. आतून एक माणूस तीनदा बाहेर आला आणि तीनदा दुसऱ्याचीच हिरवी बॅग दाखवून गेला. चौथ्यांदा त्यानं आणली ती खोळ तिची होती. तिनं तिथेच कुलूप उघडलं, गळपट्टे मोजले. तीनही होते.

"उद्याच्या विमानाची नवी पट्टी लावून देते," मुलगी म्हणाली.

"नको गं बाई," मापबाईनं बॅग दोन्ही हातांनी धरली. "बस असेल तर सांग."

बस होती, नऊ तासांची. कंडक्टर बॅग डिकीत टाका म्हणाला, हिनं ऐकलं नाही. शेवटी दोघांची जागा अडवून, बॅग कुशीत धरून ती बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं धाकटीच्या खाटेशी बसून शेवटची शिवण घातली. गळपट्टा चढवला, मागची वेल्क्रोची चिकटपट्टी ओढली. धाकटीचे डोळे भरून आले.

"ताई, फार घट्ट आहे गं. थोडा सैल कर ना."

बावीस वर्षांत हे वाक्य तिनं हजारदा ऐकलं होतं आणि पापणीही न हलवता नाही म्हटलं होतं. आज तिची बोटं चिकटपट्टीवर थबकली. अर्धं बोट सैल केलं तर कुणाला कळणार होतं? तिला कळणार होतं. तिनं पट्टी आणखी सूतभर आत घेतली.

"रड हवं तर," ती म्हणाली, "पण हनुवटी वर ठेवून रड."

आणि दोघी बहिणी छताकडे बघत रडल्या.