हातात न येणारे केस

एक गोष्ट तिच्या मनातून काही केल्या जात नव्हती. आपल्या ज्या मुलाने डोक्यामागचा व्रण झाकायला मानेवर रुळणारे केस वाढवले, ऐन उन्हाळ्यातही ते बांधले नाहीत, तो मुलगा हल्ली केस इतके बारीक का करून घेतोय?

तिने विचारलं होतं एकदा. तो म्हणाला, "लांब नकोत आता. हातात येतात."

कुणाच्या हातात, हे तिने विचारलं नाही. हेल्मेट काढताना गुंतत असतील, असं तिचं तिनेच ठरवून टाकलं. स्वतःची समजूत घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवऱ्याबरोबरचा सगळा संसार तिने त्याच जोरावर रेटला होता.

नवऱ्याला ऐन तिशीत टक्कल पडलं. राग चढला की चेहऱ्याआधी ते टक्कल लाल व्हायचं. दारातून आत येणाऱ्या माणसाच्या डोक्याकडे बघून मायलेक ठरवायचे, आज पानं घ्यायची की न्हाणीघरात शिरून कडी लावायची. कडी लावायला वेळ मिळायचाच असं नाही. स्टुलाच्या घावाने तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं ते तसंच वेडंवाकडं जुळलं, अजून पदराखाली हाताला लागतं. एकदा तर त्याने तिला ओट्याशी दाबून गळा आवळला. डोळ्यांपुढे काळोख येत असताना तिचे हात काहीतरी धरायला धडपडत होते. तुळतुळीत डोक्यावर धरायला काय असणार? शेवटी कानामागे नखं रुतली आणि मानेपर्यंत सालटं काढत गेली. त्याने हात सोडला तो त्या आगीमुळे, दया येऊन नव्हे.

दुसऱ्या दिवशी नवरा कामावर जाताना त्याच्या मानेवरच्या त्या चार रेघांवर टाल्कम पावडर लावून दिली ती तिनेच. पावडरचा डबा आणून दिला मुलाने. नणंदेला मांजर बोचकारल्याचं सांगितलं. शाळेत विज्ञान शिकवणारी बाई, पण घरातली मांजरं अशी हवेतून निर्माण करायची.

नवरा हृदय बंद पडून गेला, तेव्हा घरात रडायचा आवाज फारसा झाला नाही. आणि मग पुढच्याच वर्षी मुलाच्या कपाळावरचे केस मागे सरकायला लागले. एके सकाळी त्याने आरशावर मूठ मारली. बोटांतून रक्त गळत असताना तो शांतपणे म्हणाला, "आई, मला त्याचं डोकं नकोय."

तिला तेव्हा भरून आलं होतं. चला, बापासारखं व्हायचं नाही, एवढं तरी पोराच्या मनात आहे.

त्याने केस रोवायची शस्त्रक्रिया करून घेतली. डोक्याच्या मागून, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, कातडीची पट्टी कापून काढली. तिच्यातली केसांची मुळं एकेक सुटी करून पुढे रोवली, आणि मागची जखम शिवून टाकली. काम चोख झालं होतं. महिनाभर वजन उचलायचं नाही, मान ताणायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण तो फरश्या आणि टाइल्सच्या शोरूममध्ये विक्री बघायचा. टाके काढल्यावर चार दिवसांत गोदामातल्या हमालांपुढे पैज मारून त्याने संगमरवराची पेटी एकट्याने उचलली. बारीक दोऱ्यासारखा राहिला असता तो व्रण ताणला जाऊन बोटभर रुंद झाला. पांढरा, गुळगुळीत, कधीच केस न उगवणारा पट्टा. पुढून राजबिंडा, मागून शिवलेलं पोतं, असं तो स्वतःच एकदा हसत म्हणाला होता. दुसऱ्या कुणी तसं म्हणायची सोय नव्हती.

हमाल त्याला 'हिरो' म्हणायचे. एकदा पंख्याच्या वाऱ्याने केस उडाले आणि एक हमाल मागून म्हणाला, "हिरो, तुमची मागची चेन उघडी राहिलीये." सगळे हसले. त्याने त्या माणसाचं डोकं दोन्ही हातांत धरून रचलेल्या फरश्यांच्या कडेवर आपटलं. एकदा नाही. बाकीच्यांनी ओढून बाजूला केलं तेव्हा हमालाचा अर्धा कान लोंबत होता आणि वरच्या पांढऱ्या फरशीवरून ओघळलेलं रक्त खालच्या पेट्यांच्या फटींत गेलं होतं. तिने दवाखान्यात जाऊन त्या हमालाच्या बायकोपुढे हात जोडले, रडली, आणि तक्रार होऊ दिली नाही. परत येताना तिला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला होता.

केस बारीक करायचे ठरल्यावर ते कापायचं कामही तिच्याकडेच आलं. न्हाव्यापुढे तो मान द्यायला तयार नव्हता. लग्नानंतर वेगळा राहणारा तो रविवारी सकाळी यायचा, एकटाच. सून हल्ली येत नव्हती. सुनेचा फोनही म्हणे पाण्यात पडून बिघडलेला, दुरुस्तीला टाकलेला. न्हाणीघरापुढे वर्तमानपत्र पसरून स्टूल मांडायचं, त्याच्या गळ्याभोवती जुनी चादर गुंडाळायची. केस कापायच्या मशीनला चार नंबरचा प्लास्टिकचा कंगवा लावून व्रणाच्या आसपास फिरवायचं, म्हणजे तिथले केस जरा लांब, उभे राहतात. वर तीन नंबर, मानेशी दोन. मग केसांच्या रंगाची भुकटी स्पंजने व्रणात ठोकून बसवायची. हात इतका बसला होता की हातभर अंतरावरून काही कळायचं नाही.

त्या रविवारी तिने त्याचा उजवा कान पुढे दुमडला, आणि हात थांबला. कानामागून मानेपर्यंत चार रेघा. सुरुवातीला नखांच्या कोरी, खोल. खपली अजून ओली.

"हे काय रे?"

"मांजर."

"तुमच्याकडे कुठलं मांजर?"

"शेजारचं येतं. तू भुकटी लाव ना त्याच्यावरही. उद्या कंपनीचे लोक यायचेत."

हातात येतात. ते शब्द आता तिला नीट ऐकू आले. कुणाच्या, तेही. सुनेच्या हातात धरायला काही सापडू नये म्हणून हे डोकं आपण दर रविवारी बारीक करून देत होतो.

मशीन हातात घरघरत होतं. मघाशी पातं पुसताना काढलेला कंगवा खिडकीच्या कठड्यावरच राहिला होता, आणि हे तिच्या ध्यानात नव्हतं. तिने मशीन टेकवलं. नागडं पातं मानेपासून सरळ वर गेलं, आणि व्रणाच्या मधोमध तळहाताएवढी जागा पांढरीफटक उघडी पडली.

त्याने मागे हात नेऊन चाचपलं. मोबाइलवर फोटो काढून पाहिला. मग उठला. रोवलेल्या केसांच्या ओळींमधून टाळू लाल होत चाललेली तिला दिसली, आणि तिचे पाय आपोआप न्हाणीघराच्या कडीकडे वळले. त्याने मनगट धरून तिला मागे खेचलं आणि पिरगाळत नेलं. आत काहीतरी कटकन मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. मशीन भिंतीवर आपटून फुटलं.

"मुद्दाम करता तुम्ही दोघी," तो म्हणाला. आवाज चढलासुद्धा नव्हता. "काल तिला पूर्ण समजलं नव्हतं. आज समजावतो."

गळ्यातली चादर तशीच फेकून, हेल्मेट घालून तो गेला. खाली गाडी सुरू झाली. पूल ओलांडला की त्याचं घर.

तिने डाव्या हाताने फोन उचलला. बोट सवयीने त्याच्याच नंबरवर गेलं. बाळा, ये परत, झाकून देते, काही दिसणार नाही. जन्मभर हेच वाक्य घोकलेलं. तिने ते खोडावं तसं बोट बाजूला घेतलं आणि सुनेचा नंबर लावला. बंद. अर्थात बंद. तो फोन पाण्यात पडला नव्हता, हे आता कळायला काय लागत होतं?

शेवटचं आली तेव्हा सून ओट्याशी उभी राहून हळूच म्हणाली होती, "आई, तुम्ही कशा राहिलात हो इतकी वर्षं?" तिने हसून तिच्यापुढे कांदे सरकवले होते.

आता एकच नंबर उरला होता. तो लावला की पुढचं सगळं दिसत होतं. नोकरी जाईल. चौकीतल्या दिव्याखाली त्याला बसवतील, मागून सगळ्यांना ते भादरलेलं डोकं दिसेल, कुणीतरी चेनवरून बोलेल. तो पुन्हा कधी आई म्हणणार नाही.

तिने नंबर दाबला. पलीकडच्या माणसाने काय झालंय, कोण मारतंय, असं विचारलं.

"आधी पत्ता लिहून घ्या," ती म्हणाली. "माझी सून आहे तिथे, एकटी. मारणारा माझा मुलगा आहे. तो आत्ता इथून निघालाय, तुम्ही त्याच्या आधी पोचा."