रांगेतला बाविसावा

एकवीस सह्यांचा तो अर्ज अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या जुन्या वस्तीतल्या एका ठाण्यावर फौजदार होतो. अर्ज भजनी मंडळाचा. देवळातली बाजाची पेटी चोरीला गेली होती आणि संशय मंडळातल्याच एका माणसावर होता. तो पेट्या दुरुस्त करायचा. पूर्वी चोरीत सजा भोगलेला. सुटल्यावर मंडळानंच त्याला प्रार्थनेला बसवून घेतलं होतं.

खबऱ्यानंही त्याचंच नाव दिलं. मग काय, सकाळीच उचलला. झडतीत काही मिळालं नाही. तासभर दरडावलं, तरी एकच पालुपद, "म्या नाही नेली साहेब. आता आत गेलो तं मले कोनी काम देनार नाही." जुने गुन्हेगार असंच बोलतात, असं मी धरून चाललो. दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात हजर करायचं होतं.

दुपारी सह्या करणाऱ्यांचे जबाब घेतले. अर्जातलं "पेटी नेताना पाहिले" हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी जसंच्या तसं. कोणत्या वाटेनं नेली, विचारलं की गडी चाचरायचा. अर्जावर मंडळाच्या बुवांची सही नव्हती. बुवा पेशानं विणकर. त्यांना बोलावलं.

"म्या पाह्यलंच नाही, मंग सही काहून करू?" ते म्हणाले. "सांजच्याले प्रार्थनेले या."

गेलो. चटईवर मोकळी जागा दिसली, तिथं टेकणार तोच बुवा म्हणाले, "तिथं नोका बसू साहेब. थे जागा त्याची हाय."

मी ओशाळून बाजूला सरकलो.

प्रार्थना आटोपल्यावर बुवा म्हणाले, "कोनावर अन्याय करनार नाही, असं आपन रोज म्हनतो. ज्यानं सोताच्या डोयानं त्याले पेटी नेताना पाह्यलं, त्यानं उभं राहा."

कोणी उठेना. माझं डोकं तापलं. "मग सह्या कशाला ठोकल्या?" मी ओरडलो. बुवांनी हातानंच मला थांबवलं. तेवढ्यात मंडळाचे चिटणीस उठले. अर्ज त्यांनीच लिहिला होता. मला वाटलं, मिळाला साक्षीदार.

"पेटी काटोलले हाय," ते म्हणाले. "मेव्हन्याकडच्या भजनाले नेली अन् भाता फाटला. सांगाची लाज वाटली. लोक त्याचं नाव घेऊन राहिले होते, म्या लिहून देल्लं."

दुसऱ्या दिवशी पेटी आली, कोर्टानं त्याला सोडलं. बुवांनी एकवीसही जणांना ठाण्याच्या आवारात रांगेत उभं केलं. एकेकानं त्याचे हात धरून माफी मागितली. मग बुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "आम्ही कायद्यानंच वागलो," आणि स्टेशन डायरी उघडून बसलो. फाटलेला भाता पुढं त्यानंच शिवला.

सही म्हणजे साक्ष नव्हे, हे मी त्या प्रकरणात शिकलो आणि पुढं नव्या पोरांनाही शिकवलं. पण एक गोष्ट त्यांना कधी सांगितली नाही, ती आता सांगतो. तो माणूस आज हयात नाही. त्या रांगेत बाविसावा मी उभा राहायला हवा होतो.