फाटकात आडवी झालेली बाई

लढाईच्या काळात आम्ही नवराबायको कडेगाव सोडून धबधब्याच्या गावी सूतगिरणीत कामाला होतो. गिरणी त्या पाण्यावरच चाले. उन्हाळ्यात धार बारीक झाली की मुकादम आम्हा बायकांना फाटकावरूनच परत पाठवी. पाटणकडची एक बाई तेवढी रोज भांडायची. मिश्रीनं काळं झालेलं बोट त्याच्यापुढं नाचवत म्हणायची, "आवं मुकादम, बाप्यांच्या मशिनीला पाणी लागत न्हाई व्हय?"

एके दिवशी ती फाटकातच आडवी झाली. "आता जावा मला वलांडून!"

आमच्यात निजलेल्या पोरालाही कुणी ओलांडत नाही. बाप्ये थबकले. मग भोंगा झाला आणि एकेक जण तिच्यावरून पाय टाकून आत गेला. पहिला माझा नवरा होता.