तेराव्या महिन्याचा प्रोजेक्टर

बाबांचा प्रोजेक्टर माझ्या मोठ्या भावाने मला न विचारता नेला, हे मी इस्राएलमधल्या आमच्या अर्ध्या लोद गावाला सांगून ठेवलं होतं. बाबांच्या शिवाचे, म्हणजे सुतकाचे, सात दिवस संपले, माणसं उठली आणि हा पेटी उचलून दक्षिणेकडच्या वाळवंटातल्या येरुहामच्या बसकडे निघाला. "बापाची वस्तू थोरल्याकडे जाते," एवढंच बोलला. बाबा घरात सिनेमा दाखवायचे तेव्हा यंत्रात फिल्म ओवायचं काम माझं. हा चटईवर लोळत शेंगा खायचा. त्या दिवसापासून मी त्याच्या घरी पाऊल टाकलं नाही.

पुढे माझं पोट याच यंत्रांवर भरलं. विमानतळावर फरशा पुसायचे तेव्हा कुणीतरी टाकून दिलेला आठ मिलिमीटरचा प्रोजेक्टर घरी आणला, दुरुस्त केला, विकला. मग दुसरा आणला. नव्वदीच्या दशकात लोकांनी व्हिडिओ घेतले आणि जुने कॅमेरे, प्रोजेक्टर, पडदे घराबाहेर काढले. मी उचलत गेले. दुकान झालं. भाव करताना माझा आवाज चढतो हे गिऱ्हाइकांना ठाऊक आहे, तरी येतात.

त्यातलीच काही गिऱ्हाइकं महिन्यातून एकदा तेल अविवला जमायची. घरगुती सिनेमाच्या जुन्या यंत्रांचे शौकीन, बहुतेक निवृत्त पुरुष, आणि त्यांत मी. एका वर्षी सगळ्यांनी कॅलेंडर काढायचं ठरवलं. दर पानावर एक यंत्र, खाली मालकाचं नाव. आमचं वर्ष तिश्री महिन्यात सुरू होतं, म्हणून पानंही हिब्रू महिन्यांची. प्रत्येकाने आपापलं लाडकं यंत्र आणलं, पांढऱ्या चादरीपुढे फोटो निघाले, बारा पानं जुळली. छापखान्याची बोलणी अर्थातच माझ्या गळ्यात. कागदावरून, शाईवरून मी छापणाऱ्याला इतकं पिळलं की शेवटी तो म्हणाला, "बाईसाहेब, भावाचं राहू दे. तुमचा एक महिना कमी आहे."

येणारं वर्ष अधिक महिन्याचं होतं. त्यात अदार महिना दोनदा येतो. कॅमेऱ्यातला एकेक स्क्रू ओळखणाऱ्या या मंडळींपैकी एकाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी तर मुंबईत अधिक महिन्यात शेजारणींचे अनारसे खाऊन वाढले.

"तुमच्या दुकानात ढीग पडलाय," आमच्या गटाचे प्रमुख म्हणाले. हे जर्मनीहून आलेले, जन्मभर औषधांचं दुकान चालवलेले गृहस्थ. "त्यातलंच एक द्या."

"दुकानातलं विकायला असतं," मी म्हटलं. "माझं स्वतःचं यंत्र येरुहामला आहे. तेच घालू. खाली माझं नाव छापा."

बोलून बसले, म्हणजे आणणं भाग होतं.

बेरशेबाला बस बदलून दुपारी पोचले. दार वहिनीने उघडलं. माझ्याकडे बघितलं आणि आत वळून म्हणाली, "अहो, तुमची बहीण आलीय. भांडायलाच आली असेल, पण आधी जेवू द्या तिला."

भाऊ बनियनवर बसला होता. कारखान्यातली नोकरी सोडल्यापासून वाळला होता. "काय गो, वाट चुकलीस?"

"नाही चुकले. बाबांचं मशीन न्यायला आले. फुकट नको, बदल्यात नवा व्हिडिओ देते."

"हाय एक."

"मोठा टीव्ही देते."

"ठेवू कुठे? भिंत पाडू?"

"मग तुला पाहिजे काय, दादा?"

"मला पाह्यजे ते तुझ्या दुकानात मिळत नाय."

माझा आवाज चढला. "चोरून नेलंस तू ते."

"चोरून? भर दुपारी, तुझ्या नाकासमोरून नेलं. तेव्हा तोंडात काय मिठाची गुळणी होती?"

आमचं चाललेलं असताना वहिनीने कपाटावरून पेटी काढून टेबलावर ठेवली. वर जुन्या लुगड्याचा तुकडा. आतलं यंत्र आरशासारखं. "दर शुक्रवारी हे पुसतात," ती म्हणाली, "शब्बाथच्या आधी."

मी झाकण उघडलं. पट्ट्याचा रबर भुगा होऊन पडला होता. "दादा, हे तू चालवलंच नाहीस?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला.

"ओवता येत नाय त्यांना," वहिनी म्हणाली. "एकदा लावलं, तर मशीनने फिल्म चावली. तेव्हापासून नुसतं पुसणं. मी म्हटलं, बहिणीला फोन करा. म्हणे, ती ठेवूनच घेईल."

घेतलं असतं मी ठेवून.

नवा पट्टा माझ्या पर्समध्ये होता, नेहमीच असतो. वहिनीने खिडक्या लावून घेतल्या. मी फिल्म ओवली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर आई आली. आम्ही या देशात आलो ते आधी येरुहामलाच. घराबाहेर सगळी रेती, आई दोरीवर चादर टाकतेय, बाबांना हाताने 'बंद करा' म्हणतेय आणि हसू दाबायला पदर तोंडाला लावतेय. एका जागी चित्राने उडी मारली.

"इथेच चावली," भाऊ हळूच म्हणाला.

रीळ संपलं. कुणी दिवा लावला नाही. "परत लाव ना," तो म्हणाला. मी परत लावली. मग त्यानंतर आणखी एकदा.

जेवताना त्याने विचारलं, "कॅलेंडरात नाव कोणाचं?"

"माझं."

"घाल. मशीन पण ने. मला काय कळतंय त्यातलं?"

समोरचा इतक्या झटकन भावात उतरला की मी सावध होते. त्याने रीळ डब्यात घातलं, डबा बंद केला आणि आपल्या मांडीवर ठेवला. "ही इथे राहील."

"मशीनशिवाय फिल्म घेऊन काय करशील?"

"आणि तू फिल्मशिवाय काय करशील?"

वहिनी तोंड फिरवून हसली. मी उभ्या आयुष्यात इतकी कोंडीत सापडले नव्हते, आणि मला राग येत नव्हता.

"दर महिन्याला मशीन घेऊन यायचं," तो म्हणाला.

"हे धूड घेऊन? सणासुदीला येईन."

"दोन महिन्यांनी."

"बसस्टॉपवर उतरवून घ्यायला तू यायचंस."

"येतो. हमाल धर मला."

तिथे सौदा पटला.

दुसऱ्या अदारच्या पानावर बाबांचा प्रोजेक्टर छान आला. पहिली प्रत मी येरुहामला पाठवली. आठवड्याने त्याचा फोन आला. हॅलो नाही, कशी आहेस नाही.

"नाव किती बारीक छापलंय तुझं," तो म्हणाला. "भांडली नाहीस त्यांच्याशी?"