पहिल्याच ओळीत गेलेली अम्मी

दहिवलीच्या फिझाने अकरावीच्या वर्षात तरुणांसाठीच्या इंग्रजी कादंबऱ्यांचा जसा फडशा पाडला, तसा भौतिकशास्त्राचा पाडला असता तर तिच्या अब्बूंनी अख्ख्या बाजारात पेढे वाटले असते. अब्बूंचं, म्हणजे झाकीरभाईंचं, कर्जतच्या बाजारात चपलांचं दुकान. माथेरानच्या दुकानदारांनाही ते माल पोचवत. लेक सारखी पुस्तकात डोकं घालून बसलेली दिसे, म्हणून ते खूश असत. पुस्तक कसलं, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि फिझाने आपण होऊन कधी सांगितलं नाही.

इतकं वाचून फिझाचं एक मत मात्र पक्कं झालं होतं. आपल्या आयुष्याची कादंबरी होणं शक्य नाही. त्या पुस्तकांतल्या मुलींची आई एक तर पहिल्या पानाआधीच वारलेली असते, नाहीतर दूरच्या शहरात कामात बुडालेली असते. म्हणून तर त्या मुलींना जंगलात जाता येतं, राज्य उलथवता येतं आणि शिवाय प्रेमातही पडता येतं. फिझाची अम्मी खतीजा मात्र कायम हजर. फिझा खिडकीत उभी राहून जरा लांब डोंगराकडे बघायला लागली की आतून आवाज यायचा, "रिकामीच उभी आहेस तर कोथिंबीर निवड गं."

दुसरी अडचण मुलाची. कादंबऱ्यांत वर्गात नवा मुलगा येतो, तो कोणाशी बोलत नाही आणि त्याच्या डोळ्यांचा रंग काही वेगळाच असतो. फिझाच्या वर्गात रसायनीहून ओजस आला, तोही कोणाशी बोलला नाही, आणि त्याच्या डोळ्यांचा रंग खरंच वेगळा होता. लालभडक. त्याचे डोळे आले होते. आठवड्याभरात निम्म्या वर्गाचे आले. फिझाचेही आले, आणि ते प्रकरण तिथेच संपलं.

अशात वाचनालयाने रविवारचा लेखनवर्ग काढला. शिकवायला अनुपम सर. ते हायस्कूलमध्ये भूगोल शिकवत आणि एरवी कथा लिहीत. ते दर रविवारी एक व्यायाम द्यायचे. एकदा विशेषण न वापरता माणसाचं वर्णन करायला सांगितलं. फिझाने शेजारच्या काकूंचं केलं, ते दीड ओळीत आटोपलं. एकदा डोळे मिटून पाच वास लिहायला सांगितले. सगळ्या वर्गाने पहिला वास वडापावचा लिहिला, कारण गाडी खिडकीखालीच होती.

मग एका रविवारी सर म्हणाले, "तुमच्या पात्राची सगळ्यात जवळची गोष्ट त्याच्याकडून काढून घ्या. मग ते काय करतं, बघा."

फिझा घरी आली आणि एका बैठकीत मोबाईलवर गोष्ट लिहून मोकळी झाली. 'मी' म्हणूनच लिहिली आणि सरांना पाठवून दिली. पहिलं वाक्य असं होतं: 'अम्मी गेली त्या सकाळी गॅसवरचं दूध उतू जात होतं, आणि गॅस बंद करायला घरात कोणी उरलं नव्हतं.' पुढे नायिका घर सोडते, घाटात हरवते, वगैरे. सरांना पहिलं वाक्य इतकं आवडलं की पुढच्या शनिवारी त्यांनी गोष्टीचं पहिलं पान वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर लावून टाकलं. खाली ठळक अक्षरात नाव: फिझा झाकीर, दहिवली.

त्याच दुपारी हरीकाका पेपर वाचायला आले. हरीकाका बँकेतून निवृत्त झालेले, मनाने फार हळवे. फळ्यावर 'निधन' आणि 'हार्दिक अभिनंदन' या दोनच गोष्टी लागतात, हा त्यांचा आजवरचा अनुभव. त्यांनी पहिली ओळ वाचली, खालचं नाव वाचलं आणि त्यांना पुढचं वाचवेना. खतीजाचा भाऊ तालिब खालापूरला गॅरेज चालवतो, हरीकाकांची स्कूटर त्याच्याकडेच जाते. काकांनी फळ्याचा फोटो काढला आणि त्याला पाठवला. खाली लिहिलं, 'फार वाईट झालं. लेकीने किती धीराने लिहिलंय बघा.'

तालिबने आधी आपाला, म्हणजे खतीजाला, फोन लावला. तिचा मोबाईल घरात चार्जिंगला होता आणि खतीजा दळणाला गेली होती. मग झाकीरभाईंना लावला. ते माथेरानच्या वाटेवर, रेंजच्या बाहेर. फिझा ट्यूशनला, फोन बंद. तीन फोन, तिन्ही उचलले नाहीत, म्हणजे बातमी खरीच. तालिब तिथेच गॅरेजमध्ये बसून रडला. मय्यतीच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून त्याच्या बायकोने, म्हणजे फिझाच्या मामीने, रडत रडतच मोठं पातेलंभर डाळ-भात शिजवला. शेजारच्या कमळ्याचा टेंपो बोलावला, आणि तालिबमामू, मामी, खालापूरलाच दिलेल्या फिझाच्या दोन आत्या आणि पातेलं असे सगळे निघाले.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला दाराची कडी वाजली. खतीजाने दार उघडलं. हात पिठाचे, कारण ती भाकऱ्या थापत होती.

"इन्ना लिल्लाहि..." अशी मय्यतीची दुआ म्हणत मामू आत शिरला आणि बहिणीच्याच गळ्यात पडला. "आपा गं! आपली आपा गेली गं!"

"कुठली आपा?" खतीजाने घाबरून विचारलं. घाबरून तिलाही रडू फुटलं.

"खतीजा आपा!"

मग मामूने मान वर करून बघितलं. मागे मामीच्या हातातला पातेल्याचा एक कान सुटला. धाकटी आत्या मटकन उंबऱ्यावर बसली. ट्यूशनवरून आलेली फिझा चपला काढता काढता तशीच एका पायावर उभी राहिली.

मोबाईलमधला फोटो निघाला आणि पाच मिनिटांत सगळा उलगडा झाला. मामूचा चेहरा आधी पांढरा होता, तो हळूहळू लाल झाला.

"हाय तर! जिवंत हाय ती! आणि ही पोरगी आईला मारून भिंतीला चिकटवते?"

"मामू, ती गोष्ट आहे," फिझा रडकुंडीला आली. "कादंबऱ्यांत अशीच असते."

"थांब तालिब," खतीजा म्हणाली. "मला वाचू दे."

तिने हात धुतले, चष्मा लावला आणि फिझाच्या मोबाईलवर अख्खी गोष्ट वाचली. तोवर कोणी पाणीसुद्धा मागितलं नाही. शेवटी तिने चष्मा काढला.

"हे दूध उतू गेलं म्हणतेस," ती म्हणाली, "मी गेले तरी दूध उतू जाऊ देईन? गॅस बंद करून जाईन मी. आणि मला झालं काय होतं? ते लिहिलंच नाहीस. उगाच कशी गेले मी?"

"सर म्हणाले होते, पात्राची सगळ्यात जवळची गोष्ट काढून घ्या," फिझा पुटपुटली.

खतीजाने पदराने चष्मा पुसायला घेतला. तो चांगलाच स्वच्छ होता.

"मग मोबाईल काढून घ्यायचास ना," ती शेवटी म्हणाली.

मामी फस्सकन हसली, मग आत्या, आणि शेवटी नाइलाजाने मामूही. आणलेलं अन्न वाया कशाला घालवायचं, म्हणून पातेलं मध्ये ठेवून सगळे जेवायला बसले. टेंपोत बसलेल्या कमळ्यालाही आत बोलावलं. खतीजाने पहिला घास घेतला आणि मामीकडे बघितलं.

"माझ्या मय्यतीला इतकं अळणी?"

"रडत केलं गं, मिठाचं भान कुठलं!" मामी म्हणाली.

झाकीरभाई आले तेव्हा दारात ही एवढी चपलांची रास. आपल्या घरी एवढी मजा चालली आहे आणि आपल्याला कळवलंही नाही, म्हणून त्यांनाच राग आला.

रविवारी अनुपम सरांनी फळ्यावरचं पान उतरवलं आणि हरीकाका फिझाच्या घरी केळी घेऊन माफी मागून गेले. फिझाने गोष्ट पुन्हा लिहून पाहिली. या वेळी अम्मी जिवंत ठेवली, तर गोष्ट पुढेच सरकेना. नायिका घाटात हरवायच्या आत अम्मी तिला हाताला धरून घरी आणायची. वैतागून तिने सरांना विचारलं. सर म्हणाले, "मग जे घडलं तेच लिही ना. पण ज्याने ते तुझ्याहून जवळून पाहिलं, त्याच्या बाजूने."

तिने मामूला फोन लावला. मामू अजून जरा फुगलेला होता. "कशाला विचारतेस? परत भिंतीला लावशील."

"नाही लावत. येताना टेंपोत काय झालं, एवढंच सांगा."

"काय व्हायचंय? रडत होतो. चौक गावापर्यंत तर चांगलं रडलो. मग तुझ्या मामीला आपाचं लग्न आठवलं. आपा नवरी असून स्टेजवरून खाली उतरून आचाऱ्याला ओरडली होती, बिर्याणीचा दम आधी कोणी मोडला म्हणून. तोंडावर फुलांचा सेहरा, आणि हातात झारा! ते आठवलं आणि मोठ्या आत्याला हसू आलं. मग सगळ्यांनाच. इतके हसलो की कमळ्याने टेंपो बाजूला घेतला. म्हणाला, दुःखाने डोक्यावर परिणाम झाला, आधी पाणी प्या."

"मग?"

"मग लाज वाटली. परत रडायला बसलो. पण पहिल्यासारखं जमेना गं."

फिझा लिहीत होती. "आणि मामू, पातेलं कोणाकडे होतं?"

"माझ्या मांडीवर," मामू म्हणाला. "अजून भाजलेलं हाय."