मामांचं पडणं

वरणाला जपानी भाषेतून फोडणी देणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच आहे, आणि नेमका तो माझ्या बायकोचा मामा आहे. एसटीतून निवृत्त झाल्यावर लोक भजनी मंडळात जातात. मामा डोंबिवलीच्या एका शाळेच्या सभागृहात आयकिदो शिकायला गेले. समोरच्याचाच जोर वापरून त्याला लोळवायची ही कला मामांना किती आली ते देव जाणे, पण तिचे शब्द मात्र त्यांनी पोत्यानं घरी आणले. ठाकुर्लीचं त्यांचं दोन खोल्यांचं घर म्हणजे ‘दोजो’, तालीमखाना. उंबऱ्याशी वाकायचं, ते ‘रेइ’. गुडघे मोडून टाचांवर बसून जेवायचं, ते ‘सेइझा’; माझ्या पायाला मुंग्या यायच्या आणि आमटी निवायची. मामींनी पोळी वाढली की ‘हाजिमे!’, म्हणजे सुरू करा. पुरे झालं की ‘यामे!’. बाजारात कोणी अंगावर आलं तर न भिडता गर्रकन वळायचं, ते ‘तेनकान’. एकदा असे वळले ते थेट कोथिंबिरीच्या टोपलीत बसले. भाजीवाली ओरडली, “ओ काका, दिसत नाय काय?” मामांनी उठून तिला वाकून वंदन केलं आणि शांतपणे सांगितलं, “ही उकेमी.”

उकेमी म्हणजे लागू न देता पडणं. मामांना खरी आलेली विद्या ही एवढीच. वर्गात ज्याला कोणाला पाडायला माणूस हवा असे, तो मामांना हाक मारी. “पाडणारे ढिगानं मिळतात, जावईबापू. पडणारा चांगला लागतो,” असं ते मला ऐकवायचे. “फी भरून पडायला जाणारा माणूस मी तरी पहिलाच बघतेय,” असं मामी आतून ऐकवायच्या.

गेल्या वर्षी त्याच मामी न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टर म्हणाले चाला, पण भीतीनं मामींचा पाय पलंगाखाली उतरेना. आता चालल्या नाहीत तर कायमच्या अंथरुणाला खिळतील, हे आम्हाला कळत होतं. मामांनी वर्ग सोडला, तोही पट्ट्याची परीक्षा तोंडावर आलेली असताना. मग एका सकाळी घरातल्या सगळ्या गाद्या जमिनीवर अंथरून ते मामींसमोर पडू लागले. पुढे पडले, मागे पडले, तिसऱ्यांदा कपाटावर आदळले आणि वरचं पुरणयंत्र त्यांच्या पाठीत बसलं. कितीतरी दिवसांनी मामी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

“अहो, पण मी परत पडले तर?”

मामांनी पाठ चोळत हात पुढे केला. “तर माझ्या अंगावर पड. इतकी वर्षं दुसरं काय शिकलोय मी?”

मामी उठल्या.

आता संध्याकाळी दोघं फिरायला निघतात. मामांचा पट्टा नवशिक्याचा, पांढराच राहिला. मामी काठी टेकत पुढे, मामा अर्धं पाऊल मागे, हात किंचित उचललेला. मला भरून येतं, पण चिडवल्याशिवाय राहवत नाही. परवा विचारलं, “मामा, या एवढ्याशा अंतराला जपानीत काय म्हणतात?”

मामींच्या पावलांवरची नजर न काढता ते म्हणाले, “थांबा हो जावईबापू, रस्ता खराब आहे.”