आतून कडी असलेलं गोदाम

आमचं गोदाम पूर्वी सरकीचं होतं. आम्ही ते घेतलं, धुतलं, रंगवलं, फरशीच्या भेगा बुजवल्या. तरी शेवटपर्यंत झाडू मारला की कुठल्यातरी कोपऱ्यातून एखादी सरकी निघायचीच. किश्श्यांचं तसंच झालंय. मित्र जमले की मी म्हणतो, आता संपले बाबा, आणि चहा गार व्हायच्या आत आणखी एक आठवतो.

मी मंठ्याच्या शाळेत ड्रॉइंग शिकवतो. विद्या माझी आर्ट कॉलेजची वर्गमैत्रीण. ती मोठ्या शहरांत राहिली, प्रदर्शनं केली, आणि एक दिवस सामानासकट जालन्याला परत आली. म्हणाली, "सुधाकर, आपल्याकडं चित्र काढणारे लोक हायत. त्यांना जागा न्हाई."

नवीन जालन्यात, स्टेशनपासून जवळच, एका बियाणे व्यापाऱ्याचं गोदाम रिकामं होतं. आम्ही प्लायवुडच्या भिंती घालून त्यात खोल्या पाडल्या. बेत साधा होता. एका कलाकाराला काही महिने एक खोली. बाहेरचे कलाकार इथं येऊन राहणार, इथले तिकडं जाणार. विद्यानं प्रत्येक खोलीला आतून लोखंडी कडी बसवून घेतली. सुतार म्हणाला, "ताई, कडी बाहेरून लावतेत, चोरासाठी." विद्या म्हणाली, "आमच्याकडं चोर बाहेर न्हाईत. हाका मारणारे हायत."

*

बोर्ड लावला : 'गोदाम – कलाकारांचे स्टुडिओ'. दुसऱ्या दिवसापासून रांग.

कलाकारांची नव्हे. पासपोर्ट फोटोवाल्यांची. कुणाला बँकेसाठी, कुणाला कॉलेजसाठी. एक नवं जोडपं तर हार घालूनच आलं. मी सांगून सांगून दमलो. विद्याला म्हणालो, "बोर्डावरून स्टुडिओ शब्द काढून टाकू."

"शब्द आपला बी हाय," ती म्हणाली. "काढायचा न्हाई."

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आले. "चार कॉपी पायजे. जल्दी मिळतील का?"

विद्यानं त्यांना खुर्चीवर बसवलं, कागद घेतला आणि कोळशानं त्यांचा चेहरा काढायला लागली. गृहस्थ ताठ बसले. बराच वेळ गेला. मधे एकदा त्यांनी फक्त टोपी सरळ केली. चित्र झाल्यावर ते दोन्ही हातांत धरून उजेडाला गेले, खूप वेळ बघत राहिले.

"एकदम बराबर हाय," ते म्हणाले. "पण बँकवाले घेतील का?"

*

मग शोभा आली. म्हणजे शोभा आणि तिचे सासरे आले.

शोभा लग्नाआधी फार चांगली चित्रं काढायची. हे मला ठाऊक होतं, कारण ती माझी विद्यार्थिनी. लग्नानंतर सगळं थांबलं होतं. घरात नवरा संतोष, शाळेत जाणारी मुलगी आणि सासरे. सासूबाई वारल्या होत्या. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. कुंभार पिंपळगावचं जुनं शेतीवालं घराणं; मुलाच्या नोकरीमुळं अण्णा नवीन जालन्यात येऊन राहिले होते, पण चालणं, बोलणं, बसणं सगळं गावच्या पारावरचं.

अण्णांनी मोटारसायकल बाहेर लावली, आत आले, खोली पाहिली. कडी वाजवून पाहिली.

"ही आतून कशाला?"

"आत काम चालतं म्हणून," विद्या म्हणाली.

"मंग मी हितंच बसतो."

"बसा ना. खुर्ची देते."

आणि अण्णा खरंच बसायला लागले. शोभाला मोटारसायकलवर घेऊन यायचे, ती आत गेली की खोलीबाहेर खुर्चीवर. ती निघेपर्यंत.

पहिला आठवडा आतून काहीच आवाज नाही. ना कागदाचा, ना ब्रशचा. मला काळजी. सासरे बाहेर पहारा देतायत, आत काही होत नाही, उद्या हे प्रकरण बंद पडणार. मी विद्याला म्हणालो, तू विचार. विद्या म्हणाली, मी दार वाजवत नसते. शेवटी शोभानंच चहाच्या वेळी खालमानेनं सांगितलं.

"ताई, मी झोपून राह्यले. घरी दुपारी डोळा लागला की कोन्ही ना कोन्ही उठवतं. हितं कडी लावली की आपोआपच झोप येती."

मला वाटलं, विद्या काही तरी समजावून सांगेल.

"झोप," विद्या म्हणाली. "संपली की चित्र काढ."

झोप संपायला पुढचाही आठवडा लागला. मग शोभानं बियाण्याची रिकामी पोती उसवली, शिवून मोठी केली आणि त्यांच्यावर रंगवायला लागली. त्यानंतर ती थांबली नाही, आणि विद्यानंही तिच्या खोलीचे महिने मोजले नाहीत.

*

हा किस्सा मी सगळ्यांना सांगत नाही. आज सांगतो.

विद्याचं घर बौद्ध. पहिल्याच दिवशी अण्णांनी तिला गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग "हां" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते घरून पाण्याची बाटली आणायला लागले. चहा आला की, "आत्ताच घेऊन आलो." रोज आत्ताच घेऊन यायचे.

शोभा शरमेनं अर्धी व्हायची. मी एकदा विद्याला म्हणालो, मी बोलतो त्यांच्याशी. तिनं हात वर करून मला थांबवलं.

"माझ्या आज्यानं हे लई पाह्यलं, बापानं थोडं कमी पाह्यलं. मी अण्णांसाठी स्टुडिओ बंद करणार न्हाई आन् त्यांची मनधरणी बी करणार न्हाई. शोभाला काम करू दे."

मे महिना होता. पत्रे तापलेले. शोभा एका मोठ्या चित्रात अडकली होती, निघायचं नाव नाही. अण्णांची बाटली संपली. ते उठले, बसले, पुन्हा उठले. दार वाजवायची तर इथं रीत नव्हती. शेवटी विद्याच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"बाई, पाणी हाय का?"

विद्यानं मान वर केली नाही. "माठ कोपऱ्यात हाय. हितं ज्याचं त्यानं घ्यायचं असतं."

अण्णा माठाकडं गेले. ग्लास भरला, प्यायले. दुसरा भरला, तोही प्यायले. मग ग्लास तसाच ठेवून वळले.

"अण्णा," विद्या म्हणाली, "हितं ज्याचा ग्लास त्यानं धुवायचा असतो."

 आपल्या घरात या माणसानं आयुष्यात भांडं विसळलं नसणार. अण्णा नळाशी गेले, ग्लास धुतला, पालथा ठेवला. खुर्चीवर येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी बाटली नव्हती.  चहा आला तेव्हा म्हणाले, "साखर कमी टाकत जा."

*

पुढच्या उन्हाळ्यात आमचा पहिला परदेशी पाहुणा आला. फिनलंडमध्ये आमच्यासारखीच एक जागा आहे, तळ्याकाठी. तिथली चित्रकार आयनो. तिकडून एक इकडं, इकडून एक तिकडं, असं ठरलेलं. आम्ही तिला थंडीत ये म्हणालो होतो. तिला उन्हाळाच बघायचा होता. मग बघितला.

आयनोला मराठी शिकायची फार हौस. आम्ही कामात. मोकळे कोण? अण्णा. ती त्यांच्याशेजारी स्टूल टाकून बसायची. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं, फिनिश तर नाहीच, पण शिकवणं जोरात चाललं होतं. अण्णांचे आवडते शब्द दोनच, 'बराबर' आणि 'बिलकुल न्हाई'. आयनोच्या कानावर हे जोडीनं इतके पडले की तिला वाटलं, 'बिलकुल' म्हणजे मनापासून, आणि 'न्हाई' ही त्याची पुढची शेपटी.

तिचं काम दाखवायचा दिवस आला. आम्ही एका स्थानिक पुढाऱ्यांना बोलावलं. त्यांनी हार घालून घेतला, भाषण केलं आणि माइक आयनोसमोर धरून विचारलं, "काय मॅडम, आमचं जालना आवडलं ना?"

आयनोनं छातीवर हात ठेवला आणि अगदी प्रेमानं म्हणाली, "बिलकुल न्हाई."

 पुढाऱ्यांचा माइक हवेत. विद्यानं डोळे मिटून घेतले.

मागच्या रांगेतून अण्णांचा आवाज आला. "बराबर बोलली. उन्हाळ्यात कोणाला आवडंल?"

*

आयनोनं परत गेल्यावर शोभाच्या पोत्यांवरची चित्रं तिकडं दाखवली. तिकडून निरोप आला, पुढच्या हंगामाला शोभाला पाठवा.

पुढचं शोभानं स्वतः सांगितलेलं.

संतोष वाईट माणूस नाही. तो म्हणाला, "अण्णांना विचार." ते त्याचं नेहमीचं उत्तर. काही दिवस शोभा रोजच्यासारखीच येत राहिली. गोदामात आली की काम करायची आणि जाताना विद्याकडं बघायची. विद्या एवढंच म्हणाली, "तुझ्या वतीनं मी बोलणार न्हाई. बोलायचं तुला हाय. तू काय बी ठरव, खोली तुझी हाय."

एका संध्याकाळी सगळे जेवायला बसले होते. शोभा भाकरी वाढता वाढता थांबली.

"अण्णा, मी फिनलंडला जानार हाय. विचारत न्हाई, सांगून राह्यले."

संतोषचा घास हातात राहिला. अण्णांनी ताटावरून मान वर केली नाही.

"पोरीकडं कोण बघणार?"

"बाप हाय. आजा हाय."

"सैपाक?"

"दोघांनाबी हात हायत."

शोभा सांगते, ती भाकरीची टोपली घट्ट धरून उभी होती. अण्णांनी ताटातली भाकरी संपवली. मग पाण्याचा तांब्या उचलला. जालन्यात नळ कधी येईल याची वाट बघण्यात घराघराचे दिवस जातात, ते माझ्या श्रोत्यांना सांगायला नको.

"तिकडं पाणी रोज येतं का?" अण्णांनी विचारलं.

"आयनो म्हनली, रोज येतं. दिवसभर."

"मंग जा," अण्णा म्हणाले.

*

शोभा गेली. सोडायला कुणी नव्हतं, तरी अण्णा गोदामात येतच राहिले. विद्यानं विचारलं तर म्हणाले, "घरी करमंना." शोभाची खोली उघडायचे, झाडायचे, पोती उन्हात टाकायचे, संध्याकाळी आवरून ठेवायचे. संतोषच्या भाकऱ्यांबद्दल ते जे बोलायचे ते इथं सांगता येणार नाही.

आणि त्यातच गोदामाच्या मालकांचा निरोप आला. हंगाम जवळ आला होता, त्यांना माल ठेवायला जागा हवी होती. माणूस सरळ होता, जागा कधीतरी परत लागेल हे आधी बोललाही होता. पण जागा सोडायची म्हणजे सोडायची.

माझा धीर सुटला. सगळं नव्यानं उभं करायचं, पुन्हा भिंती, पुन्हा बोर्ड, पुन्हा ते फोटोवाले. मी म्हणालो, "विद्या, काही दिवस बंद ठेवू. मग बघू."

ती स्क्रूड्रायव्हर घेऊन शोभाच्या खोलीच्या दाराशी बसली होती. एकेक स्क्रू काढत होती.

"गोदाम त्यांचं होतं," ती म्हणाली. "कड्या आपल्या हायत."

सगळ्या कड्या तिनं स्वतः काढल्या आणि पिशवीत भरल्या. मंठा रोडला एक बंद पडलेलं मंगल कार्यालय तिनं आधीच बघून ठेवलं होतं, मला न सांगता. प्लायवुड, टेबलं, माठ, चित्रं एवढं सगळं न्यायचं कसं, याच्यावर आम्ही बोलत होतो, तेव्हा अण्णा खुर्चीवरून उठले.

"ट्रॅक्टर गावाकडून मी मागवतो," ते म्हणाले, आणि खुर्ची उचलून ट्रॉली जिथं लागणार होती तिथं नेऊन ठेवली. "ही पयली टाका. मला तिकडं बी बसायचं हाय."

*

शोभा परत आल्यावर प्रदर्शन कुठं करायचं यावर चर्चा झाली. मी म्हणालो, संभाजीनगरला एखादा हॉल बघू. विद्या मुंबईचं म्हणत होती. शोभा म्हणाली, "कुंभार पिंपळगावला. बाजाराच्या दिवशी."

"बाजारात? चित्रं?" मी म्हणालो.

"सर, तिकडं तळ्याकाठच्या लोकायनं पाह्यलं. आता गावाकडच्या लोकायला पाहू द्या."

 अण्णांचं गाव, त्यांची भावकी, तिथं सुनेची चित्रं दोरीवर टांगायची. पण बाजाराच्या दिवशी सकाळी ते धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा घालून आमच्याआधी हजर होते.

कांद्याचे ढीग आणि बांगड्यांचं दुकान यांच्या मधल्या जागेत आम्ही बांबू रोवले, दोऱ्या बांधल्या आणि पोत्यांवरची चित्रं टांगली. मधोमध सगळ्यात मोठं. ते शोभानं फिनलंडमध्ये, बर्फ पडत असताना, आठवणीतून काढलं होतं. मोटारसायकल चालवणाऱ्या एका माणसाची पाठ. फक्त पाठ. पांढरा सदरा वाऱ्यानं फुगलेला, मानेवरच्या सुरकुत्या, टोपीखाली दोन मोठे कान, आणि खांद्यांच्या दोन्ही बाजूंनी मागं पळणारा रस्ता. मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला दिसतं तेवढंच.

लोक जमले. पिशव्या हातात, मेथीच्या जुड्या काखेत. आधी लांबून, मग जवळ येऊन. एका बाईनं पोत्यावर बोट फिरवून पाहिलं. शोभा बांबूला टेकून उभी होती. अण्णा त्या मोठ्या चित्राच्या शेजारीच उभे होते, हात मागं बांधून, लोकांकडं तोंड करून.

त्यांच्या भावकीतले एक म्हातारे गर्दीतून पुढं आले. चष्मा वर-खाली करून चित्र पाहिलं. मग वाकून अण्णांच्या मागं जाऊन त्यांची पाठ पाहिली. पुन्हा चित्र पाहिलं. गर्दी हसायला लागली.

"अण्णा," म्हातारे म्हणाले, "हे चित्र तुमचंच हाय ना हो?"

अण्णांनी चित्राकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"न्हाई," ते म्हणाले. "सुनेचं हाय."